चर्चा: सहभागी अपंग असला की डबल कायाकच का?

वल्हेकरी (धागाकर्ता)

समावेशक सागरी कायाकिंग म्हणजे अपंग आणि अपंग नसलेले लोक एकाच गटात कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद बोट, घेऊन समुद्रात उतरतात त्या सहली. मोसमापुरते कामाला येणारे गाईड तिथे पहिल्याच आठवड्यात एक सवय उचलतात. व्हीलचेअर किंवा पांढरी काठी दिसली की त्या माणसाला डबल (दोन सीटच्या) कायाकच्या पुढच्या सीटवर बसवायचे आणि आपण मागे बसायचे. हा सरसकट नियम बंद व्हावा, असे माझे ठाम मत आहे. आधी सिंगलमध्ये बसवून बघा, नाहीच जमले तर डबल.

पहिले कारण सुरक्षेचे. आठ जणांना दोन गाईड असतील आणि त्यांतला एक डबलमध्ये बसला, तर उरलेल्या सात जणांमागे एकच मोकळी बोट राहते. रिकामी डबलच ३५ ते ४५ किलोची असते. ती झटकन वळवून कुणाच्या मदतीला जाता येत नाही. डबल उलटलीच, तर सहभागी आणि त्याला वाचवणारा एकाच वेळी पाण्यात.

दुसरे कारण मला जास्त टोचते. डबलमध्ये पुढच्याने हात थांबवले तरी बोट चालतच राहते. आपल्या वल्ह्याने काही फरक पडत नाही हे त्याला दहा मिनिटांत कळते, आणि वल्हे मांडीवर येते. वल्हवायला आलेल्या माणसाचा आपण प्रवासी करून टाकतो.

सिंगल जमत नाही, त्याचे खरे कारण बहुतेकदा बैठकीत असते. पायात ताकद असलेला माणूस फूटपेगवर (बोटीतल्या पाय टेकायच्या आधारावर) पाय रोवून स्वतःला धरतो. ज्याला ते शक्य नाही तो पुढे घसरतो, पाठीची कमान होते, आणि वल्हे मारताना धड एका बाजूला कलते. त्यावर उपाय साधे आहेत. सीटला उंच आणि ताठ पाठ लावा. कंबरेच्या दोन्ही बाजूंना पाणी न शोषणाऱ्या घट्ट फोमचे तुकडे बसवा. गुडघ्यांखाली फोमची वळकटी ठेवा. मांड्या जरा उचलल्या की घसरणे थांबते. व्हीलचेअरची हवेची गादी मात्र कायाकमध्ये घालू नका. माणूस काही सेंटिमीटर वर उचलला जातो आणि तेवढ्यानेही बोट डुलायला लागते. तोल कमीच पडला तर दोन्ही बाजूंना तरंगे (बोटीला आधार देणारे फ्लोट) लावा, पण कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खाचेच्या, मागे. पुढे लावले की प्रत्येक फटक्याला वल्हे त्यांच्यावर आपटते.

ओहोटी

बैठकीबद्दल लिहिलेला शब्दन् शब्द मान्य. निष्कर्ष अमान्य.

व्हीलचेअर वापरणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात. खुर्ची ढकलणे, पलंगावरून खुर्चीत जाणे, सगळा भार त्यांच्यावर. सहलीत खांदा दुखावला तर तुमच्या-माझ्यासाठी तो आठवडाभराचा त्रास. त्याला दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठायला माणूस लागतो. सिंगलमध्ये, समोरून वारा असताना, परत फिरायचे अंतर त्याच्या हातात नसते.

आता आकडे बघा. नवख्यांचा गट ताशी २ सागरी मैलांनी जातो. समोरून दीड मैलाचा प्रवाह आला तर उरला अर्धा, म्हणजे तासाला एक किलोमीटरसुद्धा नाही. मग टो-लाइन (बोट ओढायची दोरी) काढावीच लागते, आणि ओढणारा गाईडही तेवढाच अडकतो जेवढा डबलमधला. ओढल्या जाणाऱ्याचा तोल डळमळीत असेल तर त्याची बोट धरून राहायला आणखी एक जण. एका गाईडची बचत म्हणून सुरू केलेल्या सहलीत दोन गाईड खर्ची पडतात.

मोसमी गाईडला तयारीला थोडेच दिवस मिळतात. एका माणसाची बैठक नीट बसवायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि भरती तोवर थांबत नाही. घाईत चिकटवलेल्या फोमपेक्षा भरवशाची डबल बरी.

खारा वारा

दोघेही फक्त व्हीलचेअरबद्दल बोलताय. कर्णबधिर माणसाला डबलमध्ये पुढे बसवले की गाईड त्याच्या पाठीमागे जातो. त्याला ना ओठ दिसत, ना हात. श्रवणयंत्र तर किनाऱ्यावरच काढून ठेवलेले असते. म्हणजे ज्याला डोळ्यांवरच सगळे भागवायचे आहे, त्याच्याच डोळ्यांआड आपण बसतो. डबल घ्यायचीच असेल तर त्याला मागे बसवा, रडर (सुकाणू) त्याच्याकडे द्या. सिंगल असेल तर गाईडने समोर राहावे, आणि सूर्य गाईडच्या तोंडावर हवा, पाठीमागे नको. वल्ह्याने करायच्या खुणा पाण्यात उतरण्याआधी पक्क्या कराव्यात.

अंध सहभागी सिंगल छान चालवतो, पण आवाज पोचला पाहिजे. गाईड वाऱ्याच्या वरच्या अंगाला असेल तर शब्द वाऱ्याबरोबर त्याच्याकडे जातात, खाली राहिला तर हरवतात. दिशा घड्याळावर सांगायची: ‘बोया २ वाजता, ३० मीटर’. ‘तिकडे’, ‘जरा इकडे’ हे शब्द त्या दिवसापुरते विसरायचे. निघण्याआधी जमिनीवर त्याला बोट हाताने पूर्ण चाचपू द्यावी, कॉकपिटची कड आणि स्प्रे-स्कर्टची (कंबरेभोवती बसून कॉकपिट झाकणाऱ्या पडद्याची) ओढायची दोरी तर दोनदा.

फोम आणि कात्री

बैठकीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माणूस बसत नाही म्हणून त्याला पट्ट्याने सीटला बांधणारे आहेत. उलटल्यावर तो पट्टा त्याला पाण्याखाली धरून ठेवतो. छातीला आधाराचा पट्टा लागलाच, तर ताण असतानाही एका ओढीत सुटणारा हवा, आणि ती ओढ त्याच माणसाने त्याच्याच हाताने देऊन दाखवलेली हवी. पकड नसलेल्या हाताला वल्हे चिकटपट्टीने बांधणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक. पकडीचा पट्टा असा हवा की हात मागे खेचला की निसटेल.

आणखी एक. जिथे स्पर्श कळत नाही तिथे ओल्या चड्डीतली वाळूसुद्धा तासाभरात कातडी सोलते. बसण्याआधी सीट हाताने पुसून बघा. टाचांखाली फोम आणि पायात बूट हवेतच. दर १५-२० मिनिटांनी बोटी एकमेकींना धरायच्या आणि त्याला कॉकपिटच्या कडेवर हात टेकून वजन उचलू द्यायचे.

वल्हेकरी

@ओहोटी, खांद्याचा मुद्दा मी मांडायला हवा होता, राहिला. पण त्यातून डबल सिद्ध होत नाही, अंतर कमी करावे एवढेच सिद्ध होते. प्रवाहाविरुद्ध जाऊन प्रवाहाबरोबर परत या. चार किलोमीटरऐवजी दीड करा.

रिओच्या २०१६ च्या पॅरालिम्पिकपासून पॅराकनू, म्हणजे अपंग खेळाडूंची कायाक-कनूची शर्यत, आहे. त्यातल्या केएल-१ वर्गाचे खेळाडू धडाचा आधार नसताना किंवा अगदी थोडा असताना एकटे कायाक चालवतात. ‘शक्य नाही’ हे उत्तर बैठक बसवण्याआधी कुणीच देऊ नये.

ओहोटी

पॅराकनूची शर्यत २०० मीटरची, सपाट पाण्यावर, वर्षानुवर्षे सराव केलेल्या खेळाडूंची. समुद्रात मोसमी गाईडपुढे जो माणूस येतो त्याची गाठ आज सकाळीच पडलेली असते.

उलटल्यावरचे बोलूया. नेहमीच्या टी-बचावात (दोन बोटी टी अक्षरासारख्या लावून करायच्या बचावात) पाण्यातला माणूस पाय मारून डेकवर चढतो. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला ‘स्कूप’ करावे लागते: बोट कुशीवर करायची, कॉकपिटमध्ये पाणी घ्यायचे, पाय हाताने आत सरकवायचे, माणसाला मागच्या डेकवर झोपवून बोट सरळ करायची. तरंगे लावलेली बोट कुशीवरच येत नाही, आधी ते काढा. सरळ झाल्यावर बोट पाण्याने गच्च भरलेली. एकाने धरायची, दुसऱ्याने पंप मारत बसायचे. लाटांत हे किती वेळ चालते ते गाईड मंडळींना माहीत आहे.

खारा वारा

मग उतरण्याआधी आजाराचे नाव विचारत बसू नका, काय करता येते ते विचारा. उलटे झालात तर स्वतः बाहेर याल का? पाण्यात तोंड वर ठेवता येते का? कुठे स्पर्श कळत नाही? उष्णता सहन होते का? मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर असेल, तर अचानक ठणकणारी डोकेदुखी आणि लाल झालेला, घामेजलेला चेहरा म्हणजे रक्तदाब भयंकर चढतोय. आडवे करायचे नाही, बसतेच ठेवायचे. स्प्रे-स्कर्टचा कंबरपट्टा सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का बघा. बहुतेकदा कारण तिथेच सापडते. रक्तदाब उतरला नाही तर तातडीची मदत बोलवा.

वल्हेकरी

निकष मग हा ठेवूया: कमरेइतक्या पाण्यात, गाईड शेजारी उभा असताना, त्याच लाइफ जॅकेटमध्ये आणि त्याच बैठकीत उलटून बघायचे. बाहेर आला, तोंड वर राहिले, तर सिंगल. कायाकिंगचे जॅकेट साधारण ५० न्यूटन तरंगशक्तीचे असते आणि बेशुद्ध माणसाला उताणे करत नाही. एक पाय नसलेल्याचे किंवा झटके येणाऱ्याचे शरीर त्यात कसे तरंगते ते बघितल्याशिवाय कळत नाही.

ओहोटी

चाचणी मान्य, पण निकषात किनाराही घ्या. भरतीच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मे पाणी चढते, ओहोटीत तसेच उतरते. ५० मीटरला १ मीटर उतार असलेल्या किनाऱ्यावर पाणी २ मीटर उतरले की १०० मीटर ओली वाळू उघडी पडते, आणि तेवढ्या वाळूतून खुर्ची आणि माणूस उचलून न्यायचे असतात. परत यायला उशीर होणार नाही याची खात्री असेल तरच सिंगल. गटात दोन गाईड आणि वारा बोफर्ट या वाऱ्याच्या मापाने चारच्या जोराचा, तर चाचणी पास झाली तरी मी डबलच काढीन.