पेपर सुटल्यावरचं "तुझं किती आलं?"

आज भाचीचा रिअल अ‍ॅनालिसिसचा पेपर होता. घरात शिरली तीच फोन कानाला लावून, "तिसऱ्याचं किती आलं तुझं? माझं शून्य..." आणि पलीकडून कुणीतरी अर्धा म्हणालं असणार, पोरीचा चेहराच उतरला. ते बघून मला एकदम माझा कॅल्क्युलसचा पेपर आठवला. किती वर्षं झाली पण पोटात तसाच गोळा आला.

वर्गाबाहेरच्या जिन्यात आम्ही तिघी. साइन एक्स गुणिले कॉस एक्स, इंटिग्रेट करा, बास एवढाच प्रश्न. माझं आलं साइन स्क्वेअर एक्स भागिले २. मैत्रिणीचं वजा कॉस स्क्वेअर एक्स भागिले २. तिसरीचं वजा कॉस २एक्स भागिले ४. तिघींची तीन उत्तरं आणि प्रत्येकीला खात्री की आपलंच चुकलं. मी तर रडायलाच लागले. रात्री झोप येईना म्हणून उठून तिन्ही डिफरन्शिएट करून ताळा बघितला, तर तिन्ही बरोबर! साइन स्क्वेअर अधिक कॉस स्क्वेअर १ असतं, म्हणजे माझ्या आणि मैत्रिणीच्या उत्तरात फरक फक्त १/२ चा, आणि तो शेवटी लिहायच्या त्या सीमध्ये (कुठलाही स्थिर आकडा) जिरतो. तोपर्यंत "अधिक सी" मी नुसतं मार्क कापू नयेत म्हणून लिहायचे, ते कशासाठी असतं हे त्या रात्री कळलं.

तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा ना.

----

आयगेनव्हेक्टर (मॅट्रिक्सने गुणलं तरी ज्याची रेषा बदलत नाही तो व्हेक्टर)!!! माझा (१, -२) आणि मित्राचा (-३, ६). बसमध्ये अर्धा तास भांडलो, तू कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशनच चुकवलंस इथपर्यंत गेलं. शेवटी पुढच्या सीटवरच्या सीनियर दादाने मागे वळून सांगितलं अरे तुझ्याला -३ ने गुण की, पटीतला कुठलाही चालतो. दोघंही एकदम गप्प.

----

ग्रुप थिअरी. ऑर्डर ८ चे, म्हणजे आठ घटकांचे, सगळे ग्रुप लिहा. मी ४ लिहिले, बाहेर आले तर सगळे ५ म्हणत होते. ३ अबेलियन (क्रम बदलला तरी उत्तर तेच) झाले, डी४ झाला, क्वाटर्नियन राहिला. बाकी काही विसरेन, तो आता नाही विसरणार.

----

मला हे जुळवणं कधीच सहन झालं नाही, आणि कारण सांगतो. टॉपॉलॉजीचा पेपर होता आणि दुसऱ्या दिवशी लगेच पुढचा. मी लिहिलं होतं की क्लोज्ड आणि बाउंडेड आहे म्हणून कॉम्पॅक्ट. गेटपाशी एकजण सहज बोलून गेला, अरे ते आर एनमध्ये (नेहमीच्या एन मितींच्या अवकाशात) चालतं, इथे कंटिन्युअस फंक्शन्सची स्पेस होती, तिच्यात युनिट बॉल कॉम्पॅक्ट नसतो. बरोबरच होतं त्याचं. पण ती अख्खी संध्याकाळ मी वही उघडून तेच एक वाक्य आठवत बसलो, एक पान पुढे गेलं नाही. निकाल लागला तेव्हा टॉपॉलॉजीत ५ मार्क गेले होते आणि पुढच्या पेपरात २०. तेव्हापासून शेवटचा पेपर होईपर्यंत कुणाशी बोललोच नाही. ताई, भाचीचे अजून पेपर असतील तर फोन बाजूला ठेवायला सांगा, मनापासून सांगतोय.

----

खरं आहे दादा. पण उलटंही होतं, मला तर बोलल्याशिवाय चैनच पडायची नाही, न बोलता जीव जास्त टांगणीला लागायचा.

----

ताई तो तिसरा प्रश्न एन एक्स गुणिले (१ - एक्स स्क्वेअर) घात एन, शून्य ते एक इंटिग्रेट करून एन अनंताकडे नेताना लिमिट काढा, असा होता का? असेल तर अर्धाच. लिमिट आधी आत नेली की शून्य येतं, पण आधी इंटिग्रेट केलं की एन भागिले २(एन+१) येतं आणि ते १/२ कडे जातं. प्रत्येक पॉइंटला लिमिट शून्य असली तरी कन्व्हर्जन्स युनिफॉर्म (सगळीकडे एकाच वेगाने) नाहीये, ग्राफचा उंचवटा शून्याकडे सरकत जातो आणि सरकता सरकता उंच होत जातो. पॉइंटवाइज लिमिट नीट दाखवली असेल तर तेवढे मार्क मिळायला पाहिजेत.

----

हो हो तोच! तिला वाचून दाखवलं. "उंचवटा सरकतो" ऐकून एकदम गप्प झाली, आता वही घेऊन बसली आहे.

----

ज्यांच्याकडे कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसच्या जुन्या नोट्स असतील त्यांनी प्लीज सांगा, मुलाला हव्या आहेत. विषयांतराबद्दल सॉरी.

----

आहेत माझ्याकडे, फोटो काढून पाठवते, पण अक्षर लहान आहे. आणि मुलाला माझ्याकडून एवढं सांगा की रिअल फंक्शनच्या इंटिग्रलचं उत्तर इमॅजिनरी आलं तर पुढे जाऊ नकोस. १ भागिले (१ + एक्स घात ४), वजा अनंत ते अनंत, यात कॉम्प्लेक्स प्रतलाच्या वरच्या अर्ध्या भागात दोन पोल (जिथे भाजक शून्य होतो त्या जागा) असतात. मी एकच धरला, उत्तरात आय (वजा एकचं वर्गमूळ) राहिला आणि मी तसंच लिहून पुरवणी बांधली. बाहेर मैत्रीण म्हणाली पाय भागिले रूट २, आणि माझे हातपायच गळाले. फंक्शन सगळीकडे पॉझिटिव्ह आहे हे एकदा बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं.

----

पेपर देऊन रडणाऱ्या सगळ्यांसाठी: १८८९ मध्ये फ्रेंच गणिती पॉइन्कारेला थ्री बॉडी प्रॉब्लेमवरच्या (तीन गोल एकमेकांना ओढत कसे फिरतील) निबंधासाठी स्वीडनच्या राजाचं २५०० क्रोनरचं बक्षीस मिळालं, आणि छपाई झाल्यावर त्यात मोठी चूक सापडली. नियतकालिकाचे छापलेले अंक परत मागवले, नव्या छपाईचा खर्च त्याने स्वतः भरला, बक्षिसापेक्षा जास्त. पण ती चूक दुरुस्त करतानाच त्याला जे दिसलं त्यातून पुढे केऑसचा (सुरुवातीच्या बारीक फरकाने पुढे सगळंच बदलतं त्याचा) अभ्यास उभा राहिला. मला हे वर्गात सरांनी सांगितलं होतं, माझा सर्वात वाईट पेपर गेला त्या दिवशी.

----

मी पेपर तपासते म्हणून लिहिते. आम्हीही जुळवतो हो! एकदा एक्स भागिले (एक्स+१) चं इंटिग्रल होतं. मॉडेल आन्सरमध्ये एक्स वजा लॉग, आणि सब्स्टिट्यूशन करणाऱ्या मुलांचं एक्स अधिक १ वजा लॉग. एका सहकाऱ्याने एक गठ्ठा असाच कापत नेला. स्टाफरूममध्ये दोघांचे गठ्ठे शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं, मग तो सगळा गठ्ठा परत काढला. कुणाचं वेगळं दिसलं की मी आता आधी ताळा करते, मगच पेन उचलते.

----

तुमच्यासारखे परीक्षक सगळ्यांना मिळोत ताई _/\_

----

भाचीने एन १, २, ५, १० चे ग्राफ काढलेत एकाच पानावर. फोन कधीचा बंद आहे. आता विचारते आहे, उंचवटा नेमका कुठे येतो.

----

१ भागिले रूट (२एन+१) ला. पण तुम्ही सांगू नका, तिला काढू दे.