इंग्रजी शिकवायला व्हिएतनाम की दुबई? (भारतीय पासपोर्ट धरूनच बोला)

शाळाबाह्य:
लोकहो, मी नाशिकची, वय 29, एमए इंग्लिश, बीएड, सहा वर्षं एका इंग्लिश मीडियम शाळेत सातवी-आठवीला शिकवतेय. आता बाहेर जायचं डोक्यात घेतलंय. यूट्यूबवर जो तो कोरिया कोरिया करतो, पण तिथल्या इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या ई-2 व्हिसाला अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे सातच पासपोर्ट धरतात. आपल्यासाठी 2010 पासूनच्या भारत-कोरिया व्यापार करारात (सेपा) सहाय्यक शिक्षक म्हणून एक फट ठेवलीय, पण त्या फटीतून आत गेलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. म्हणून माझं मत झालंय की आपल्याला व्हिएतनामच बरं. डिग्री, इंग्रजी शिकवण्याचं 120 तासांचं सर्टिफिकेट, पीसीसी (पोलिसांचा दाखला), मेडिकल, अशा कागदांवर वर्क परमिटचं काम होतं. घरी आईसकट सगळे दुबई म्हणतायत. चुकत असेन तर सांगा, पण कारण देऊन सांगा.

खजूरवडी:
आईचं ऐक. मी शारजात नऊ वर्षं आहे. बीएड असताना तू फ्लॅशकार्ड दाखवत नाचायला जाणारेस का? इथे बीएडला किंमत आहे, पगारावर इन्कम टॅक्स नाही, आणि नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा बेसिक. व्हिएतनामला तासावर पैसे, आणि तेतच्या, म्हणजे तिथल्या नवीन वर्षाच्या सुट्टीत इंग्रजीचं सेंटर बंद म्हणजे पैसेही बंद. मग भाडं काय नवीन वर्षाच्या शुभेच्छांनी भरायचं?

भटकी_मास्तरीण:
हनोईत तीन वर्षं काढलीत म्हणून बोलते. तेतचं खरं आहे, पहिल्या वर्षी मीही तोंडावर आपटले. पण खजूरवडी, तुम्ही ज्याला नाचणं म्हणताय ना, ते एकदा करून बघा. माझा पहिला डेमो पाच वर्षांच्या पोरांचा होता, पंधरा मिनिटांचा. राइस, हाउस, नाइस असे शब्द काढले तर सगळी पोरं 'राय, हाउ, नाय'. शेवटचं व्यंजन गायबच, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'स' येतच नाही. मग मी साप झाले, हाताने वळवळ करत स्स्स्स, तेव्हा कुठे 'राइस्स्स' आलं. सहा वर्षं रॅपिडेक्स छाप व्याकरण शिकवून जे कळलं नव्हतं ते त्या पंधरा मिनिटांत कळलं. आणि हो, त्याच डेमोनंतर तिथल्या सिनियरने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझा व्हेस्ट आणि वेस्ट एकच ऐकू येतो. बरोबरच होतं त्याचं!
पैशाचं मात्र सरळ सांगते, गोऱ्या पासपोर्टला जो तासाचा रेट तो आपल्याला नाही मिळत. मला आधी कमी दिला, सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा कोर्स) केल्यावर वाढवला, तरी बरोबरी झाली नाही ती नाहीच.

खजूरवडी:
म्हणजे अपमान सहन करायचा आणि वर साप व्हायचं :) चालू द्या.

भटकी_मास्तरीण:
आणि तुमच्याकडे सीबीएसईचा तोच धडा, तीच पोरं, तेच पालक, एसी लावलेलं नाशिकच की ते. शिवाय ब्रिटिश करिक्युलमच्या शाळेत पगार किती आणि भारतीय शाळेत किती, तेही सांगा ना.

खजूरवडी:
फरक आहे, मोठा आहे, नाकारत नाही. आणि रोज शारजा ते दुबई ट्रॅफिकमध्ये आयुष्य जातं तेही लिहून टाकतो, नाहीतर उद्या म्हणाल लपवलं. पण महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार येतो, त्या जोरावर मी इचलकरंजीत घर बांधलं. साप होऊन बांधता येईल का?

तांबडा_पांढरा:
मधेच घुसतो. थायलंड कुणीच काढलं नाही. मी एका छोट्या गावातल्या सरकारी शाळेत आहे. भारतीय म्हणून आधी टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत 600 च्या वर मार्क आणायला लावले, एमए इंग्लिश असताना! त्या दिवशी हसावं की रडावं कळेना. पण गेल्यावर पोरांनी वेड लावलं. 'बॉल'चा 'बॉन' करतात आणि 'स्कूल'चा 'सकून', आमच्या आजीचं 'इस्कूल' आठवतं. पगार व्हिएतनामहून कमीच पडेल, खर्चही कमी. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो, एजंट म्हणाला 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू' की फोन ठेवायचा. पकडलं तर एजंट नाही, आपण अडकतो.

शाळाबाह्य:
सगळ्यांना थँक्यू. खजूरवडी, घराचा मुद्दा लागला मनाला, खोटं कशाला बोलू. पण मला तेच धडे परत नाही शिकवायचेत, म्हणून अजून तरी हनोईकडेच कल आहे. मास्तरीणताई, सेल्टा करूनच निघू की तिथे जाऊन करू? आणि एक घोळ आहे, डिग्रीवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर माझ्या नावात बाबांचं नावच नाहीये.

भटकी_मास्तरीण:
सेल्टा निघायच्या आधी कर, चार आठवडे मान वर करायला मिळत नाही, नोकरी शोधता शोधता तो होत नाही. आणि नावाचं आत्ताच मिटव. तिथल्या ऑफिसात माझी डिग्री बघून विचारलं होतं, हा पुरुष कोण? तो माझा बाप हे समजावण्यात दोन आठवडे गेले.

खजूरवडी:
नावातल्या फरकाचं अ‍ॅफिडेव्हिट कर, दोन कॉप्या काढ. इथे यायचं ठरलं तरी तेच लागतं, मग राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग वकिलात असे शिक्के. कल बदलला तर कळव, आमच्या शाळेत एप्रिलला भरती असते.