स्टडी कोऑर्डिनेटरची नोकरी घेऊ का? मदत हवी आहे

मंडळी, इथे कोणी क्लिनिकल ट्रायलमध्ये (माणसांवर औषधं तपासतात त्या कामात) आहे का? मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय, अडीच वर्षं युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये प्रोजेक्टवर आहे, पिपेट आणि सेंट्रिफ्यूज सोडून दुसरं काही पाहिलेलं नाही आणि आता ग्रँट संपत आलीय म्हणजे लवकरच घरी बसायची वेळ. आमच्याच मेडिकल फॅकल्टीच्या ट्रायल युनिटमध्ये कोऑर्डिनेटरची जागा निघालीय. सर म्हणतात जाऊ नकोस, कारकुनी आहे ती, पुन्हा बेंचवर, म्हणजे लॅबच्या कामावर, कोणी घेणार नाही.

मागच्या आठवड्यात तिथे एक दिवस नुसतं बसून पाहिलं. तिथल्या ताई एका आजोबांना संमतीपत्र समजावत होत्या, चांगला पाऊण तास. आजोबांचं एकच, मला खरं औषध मिळणार का खोटी गोळी? ताई म्हणाल्या, ते मलाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही, चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो. आजोबा म्हणाले घरी विचारून सांगतो, तर ताई लगेच म्हणाल्या, कागद घेऊन जा, सावकाश वाचा. मला वाटलं होतं गळ घालतील! पण उरलेला दिवस मात्र खरंच फायलींत गेला.

तर यातून पुढे काय होता येतं? मॉनिटर (ट्रायलच्या नोंदी तपासणारा) व्हायला हाच रस्ता का? आणि पीएचडीचं काय?

प्रतिसाद १
सहा वर्षं कोऑर्डिनेटर होतो, आता मॉनिटर आहे. सर अर्धे बरोबर आहेत, कागद ढीगभर असतात. पण या धंद्यात जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. पहिल्याच महिन्यात मी बीपीचा चुकलेला आकडा व्हाइटनरने झाकला होता, मॉनिटरबाईंनी कागद उजेडाकडे धरला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. एक रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. आणि पेशंट अचानक ॲडमिट झाला तर कळल्यापासून साधारण २४ तासांच्या आत स्पॉन्सरला, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला, कळवायचं, मग रविवार असो की लग्न.
मॉनिटर स्पॉन्सरचा किंवा सीआरओचा (स्पॉन्सरसाठी ट्रायलचं काम कंत्राटावर करणाऱ्या कंपनीचा) माणूस, साइटवर, म्हणजे ट्रायल चालते तिथे, जाऊन तुमच्याच नोंदी तपासतो, प्रवासाने कंबर मोडते. पण आधी साइटवर काम केलेलं असलं की मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. जीसीपीचा (ट्रायल कशा करायच्या त्या आंतरराष्ट्रीय नियमांचा) ऑनलाइन कोर्स आत्ताच करून टाका, फक्त आर३ म्हणजे तिसऱ्या सुधारणेवरचा बघा, ती आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, २०१६ च्या आर२ वरचा नको.

प्रतिसाद २
पीएचडी डोक्यात असेल तर एवढं विचारा की ट्रायल कंपनीच्या आहेत का तिथल्या डॉक्टरांच्या स्वतःच्या. कंपनीचा प्रोटोकॉल (ट्रायलचा लेखी आराखडा) तयार येतो, आपण फक्त पाळायचा. डॉक्टरांच्या ट्रायलमध्ये प्रोटोकॉल लिहिण्यापासून एथिक्स कमिटीच्या अर्जापर्यंत हात घालता येतो, पेपरवर नाव लागायची शक्यताही तिथेच जास्त. आणि एका माणसाच्या अंगावर किती ट्रायल टाकतात तेही विचारा, लाजू नका.

धागाकर्ती
दादा, व्हाइटनरचं वाचून घाम फुटला, लॅबच्या वहीत मी सर्रास वापरते 😬 उद्या युनिटमध्ये जाऊन दोन्ही विचारते.