‘पूर्णेला पूर’ म्हणजे नेमकी कोणती पूर्णा?

वसमतकर: नदीकाठच्या गावांच्या ग्रुपवर ‘पूर्णेला पूर, सावध राहा’ एवढाच मेसेज फिरतोय. तारीख नाही, धरणाचं नाव नाही. सोबत एक व्हिडिओ आहे. आपली मराठवाड्यातली पूर्णा की वऱ्हाडातली, कसं ओळखायचं?

पाटकरी जिंतूर: सोबतची नावं बघा. येलदरी, सिद्धेश्वर ही धरणं किंवा दुधना नदी यांपैकी काही असलं तर आपली. ती अजिंठ्याच्या डोंगरात कन्नडकडं उगम पावते, जाफराबादवरून येते आणि पूर्णा तालुक्यात कंठेश्वरला गोदावरीत मिळते. मोर्णा, पेढी, नळगंगा ही नद्यांची नावं असली तर ती तापीची पूर्णा. चांगदेवला तापीत जाते. पुराणातली पयोष्णी म्हणतात ती हीच. नुसत्या जिल्ह्याच्या नावावर मात्र जाऊ नका. बुलढाण्यातून दोन्ही वाहतात! देऊळगाव राजाकडची आपली, मलकापूर-नांदुऱ्याकडची त्यांची.

गोदाकाठ: यात एक भर. ‘खडकपूर्णा’ म्हणजे आपलीच पूर्णा, वरच्या अंगाची. ‘काटेपूर्णा’ मात्र वेगळी नदी, वऱ्हाडातल्या पूर्णेची उपनदी. ‘काटेपूर्णाचे दरवाजे उघडले’ वाचून वसमतमध्ये सामान हलवायचं कारण नाही.

आकडे पण नीट वाचा. दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणजे धरणातला साठा, क्युसेक म्हणजे सोडलेलं पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. येलदरीतून पाणी सोडलं म्हणजे पूरच, असंही नाही. तिथं 22.5 मेगावॅटचं वीजघर आहे, त्यातून निघालेलं पाणी खाली सिद्धेश्वरमध्येच जातं. आपल्याकडच्या गावांनी बघायचा आकडा सिद्धेश्वरच्या विसर्गाचा. नांदेडवाल्यांनीही तो बघावा, कारण हेच पाणी गोदावरीतून पुढं विष्णुपुरीला पोचतं.

रूळप्रेमी: थोडं अवांतर, पण गोंधळ याच नावाचा. तिकीट काढताना पूर्णा जंक्शनचा कोड पीएयू टाका. पीआरएनए आपला वाटतो खरा, पण तो बिहारातल्या पूर्णियाचा. अकोल्याहून हिंगोलीमार्गे येणारी लाईन पूर्णा जंक्शनला परभणी-नांदेड लाईनला मिळते. नकाशात शोधताना ‘पूर्णा, परभणी’ असं लिहा, नाहीतर नदीच्या भलत्याच वळणावर नेऊन सोडतो. गुजरातेत नवसारीजवळूनही एक पूर्णा वाहते, ती थेट समुद्राला मिळते.

वसमतकर: व्हिडिओ थांबवून पाहिला. पुलाजवळच्या पाटीवर ‘गांधीग्राम’ आहे.

पाटकरी जिंतूर: मग सुटलं कोडं. तो अकोला-अकोट रस्त्यावरचा पूल, म्हणजे तापीची पूर्णा. ग्रुपवर ‘ही अकोल्याकडची’ एवढं टाका. सिद्धेश्वरचा आजचा विसर्ग मात्र वेगळा बघून घ्या, या व्हिडिओवरून आपल्या नदीचं काहीच कळत नाही.