‘ओपन वर्ल्ड’ला मुलूख म्हणावं का? आणि ‘कॅरेक्टर-ड्रिव्हन’ला काय म्हणायचं?

धुळे : नमस्कार मंडळी. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी फँटसी रोल-प्लेइंग गेमवर, म्हणजे स्वतः एक पात्र होऊन खेळायच्या गेमवर लेख लिहितेय. एकीकडे ‘स्कायरिम’, दुसरीकडे ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’. पहिल्यात नकाशाभर हिंडायचं, दुसऱ्यात सोबतच्या माणसांमुळे गोष्ट पुढे सरकते. कोश पाहून मी ‘मुक्त-विश्व अन्वेषण’ आणि ‘पात्र-चालित कथाकथन’ असं लिहिलं. धाकट्या भावाने वाचून विचारलं, ‘ताई, हाऊ कोणता गेम शे?’ तो हे दोन्ही गेम खेळलेला आहे. त्याला कळतील असे शब्द सुचवा.

शहादा : ताई, भावाचा प्रश्न रास्त आहे. ‘अन्वेषण’ हा शब्द आपल्याला भेटतो तो गुन्हे अन्वेषण विभागाच्या पाटीवर. तो वाचला की डोंगरदऱ्या आठवत नाहीत, पंचनामा आठवतो. ‘चालित’चंही तेच. यंत्रचालित, विद्युतचालित असे शब्द आहेत, त्यामुळे ‘पात्र-चालित’ म्हटलं की मोटार लावलेलं भांडं वाटतं.

पण माझी खरी हरकत ‘मुक्त’ला आहे, आणि ती नुसती कानाला खटकतो म्हणून नाही. ‘मुक्त’ म्हटलं की वाचक धरून चालतो की या गेममध्ये खेळणाऱ्याला मोकळीक आहे आणि दुसऱ्या प्रकारात नाही. हे खरं नाही. ‘स्कायरिम’ (2011) घ्या. सुरुवातीच्या हेल्गन गावातून सुटलात की कुठल्याही दिशेला चालू लागा, कोणी अडवत नाही. ड्रॅगन परत आलेत, जग बुडायची वेळ आली आहे, तरी तुम्ही खुशाल फुलं-मुळं गोळा करत हिंडा. मुख्य कथा जिथे सोडली तिथेच तुमची वाट पाहत उभी असते. जमीन मोकळी आहे, पण त्या जमिनीवरची माणसं तुमच्या वागण्याने फारशी हलत नाहीत. लिडिया नावाची सोबतीण मिळते. ती ओझं उचलते, लढते, जीवही देते. पण तुम्ही काय ठरवलंत, चूक केलंत की बरोबर, यावर तिला बोलायला फारसं काही दिलेलंच नाही.

आता ‘ओरिजिन्स’ (2009). तिथे नकाशावर मोजकी ठिकाणं आहेत, मधल्या रानात मनाला येईल तिथे उतरता येत नाही. पायाला बांधलेलं, म्हणाल तर खरं आहे. पण शेवटाकडे सरदारांच्या सभेत लोघेनला जीवदान देऊन आपल्यात घेतलंत, तर सुरुवातीपासून बरोबर असलेला अ‍ॅलिस्टर तुम्हाला सोडून जातो. त्याच्या गुरूला रणांगणावर मरायला सोडणारा माणूस तुम्ही पंक्तीला बसवलात, हे त्याला सहन होत नाही. कितीही चांगली उत्तरं निवडा, तो थांबत नाही. ही मोकळीक केवढी मोठी आहे! आणि तिची किंमतही तुम्हीच मोजता. मग ‘मुक्त’ हे बिरुद एकट्या स्कायरिमला का द्यायचं?

म्हणून मी ‘मुलूख’ सुचवतो. मुलूख म्हणजे जमीन, प्रदेश. ‘ओपन वर्ल्ड गेम’ला ‘मुलखाचा गेम’ म्हणा. गेममध्ये जे खरोखर मोठं आहे, तेवढंच हा शब्द सांगतो. आणि सगळं फिरून झालं की आपण म्हणतोच, ‘अख्खा मुलूख पालथा घातला’. ‘एक्स्प्लोरेशन’साठी याहून नेमकं क्रियापद मला तरी दिसत नाही.

भुसावळ : भाऊ, मुलूख ठीक, पण मुलूख म्हटलं की लगेच मुलूखगिरी आठवते. पेशवाईतली मुलूखगिरी म्हणजे फौज घेऊन दुसऱ्याच्या प्रदेशात जायचं आणि खंडणी, लूट घेऊन यायचं. फिरण्यासाठी ‘भटकंती’ हा सोपा, रुळलेला शब्द आहे की. ट्रेकवाले रोज वापरतात.

शहादा : दादा, मुलूखगिरीचा तो अर्थ बरोबर आहे, आणि या गेमांच्या बाबतीत तो चपखलच बसतो. गुहेत शिरायचं, आतल्या सगळ्यांना मारायचं, पेट्या उपसायच्या, माल आणून बाजारात विकायचा. निम्मा वेळ यातच जातो. ज्या लेखात गेमच्या या बाजूवर टीका करायची असेल, तिथे ‘मुलूखगिरी’ जरूर वापरावा.

‘भटकंती’बद्दल मात्र मी अडून बसतो. भटकंतीत वाट चुकली तरी काही बिघडत नाही, तोच तिचा आनंद. पण ‘स्कायरिम’च्याच मालिकेतला जुना ‘मॉरोविंड’ (2002) खेळून बघा. त्यात पुढच्या कामगिरीचा बाण होकायंत्रावर दिसत नाही. काम सांगणारा माणूस तोंडी वाट सांगतो, ती तुमच्या वहीत उतरते, आणि ती वाचत चालायचं. सुरुवातीलाच आर्कन्थँड नावाच्या पडक्या वास्तूतून एक कोड्याची पेटी आणायला पाठवतात. बाल्मोरा गावातून बाहेर पडा, मूनमॉथच्या किल्ल्याजवळून जा, पुढे लाव्ह्याने कोरलेली खोल घळ लागेल, तिच्यावरचा जुना पूल ओलांडा. पूल सापडेपर्यंत तुम्ही खडक बघता, उतार बघता, आपण फार खाली तर आलो नाही ना, असं स्वतःलाच विचारता. सापडला की तो पूल जन्मभर लक्षात राहतो. याला ‘वाट काढणं’ म्हणतात.

त्याच मालिकेतल्या 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये बाण आला, आणि पाहिलेल्या ठिकाणी क्षणात पोचायची सोयही आली. मुलूख मोठाच, पण वाट काढायची गरज संपली. माझ्या मते त्या मालिकेने तेव्हा जे गमावलं ते पुन्हा कधी पूर्ण कमावलं नाही. हा फरक लेखात यायचा असेल तर ‘भटकंती’, ‘वाट काढणं’ आणि ‘मुलूख पालथा घालणं’ हे तिन्ही शब्द वेगवेगळे हाताशी हवेत. ताई, एकाच इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द बांधून ठेवू नका.

‘शोध’ मात्र टाळा. शोध घेणं वेगळं, शोध लागणं वेगळं, शास्त्रज्ञ लावतो तो शोध आणखी वेगळा, आणि ‘क्वेस्ट’लाही (गेममधल्या कामगिरीला) काही जण शोधच म्हणतात. एका परिच्छेदात चार शोध आले की वाचक हरवला.

नंदुरबार : दुसऱ्या शब्दावर मी बोलते. ‘पात्रप्रधान’ चालेल. नायिकाप्रधान, संगीतप्रधान हे शब्द आपण नेहमी वाचतो. पण रोल-प्लेइंगमध्ये एक घोळ होतो. ‘कॅरेक्टर’ म्हणजे आपण बनवतो तेही आणि समोर भेटतात तेही. कोणाला पात्र म्हणणार? आपण जे बनवतो त्याला मी ‘सोंग’ म्हणेन. आमच्या भागात गावोगावच्या खेळांत सोंग घेणं म्हणजे फसवणं नाही, त्या रात्रीपुरतं तो होऊन जाणं. आणि बरोबर चालतात ते ‘सोबती’.

आणखी एक. हे दोन प्रकार लेखात ‘विरुद्ध’ घालून उभे करू नका. आमच्याकडे दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते. सातपुड्यातली ती चढण अवघड, लोक रात्रीची चालतात. त्या डोंगरात अश्वत्थामा अजून फिरतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. तो एक माणूस त्या कथेतून काढला तर उरेल नुसती चढण. आणि डोंगर काढला तर अश्वत्थाम्याने फिरायचं कुठे?

शहादा : ताई, हे फार नेमकं सांगितलंत. ‘सोंग’ला मात्र एक धोका आहे. ‘आजारपणाचं सोंग’ हा अर्थ शहरी वाचकाच्या डोक्यात आधी येईल, म्हणून पहिल्यांदा वापरताना ‘सोंग घेणं’ असं क्रियापदासकट लिहावं. ‘सोंग करणं’ कटाक्षाने टाळावं.

‘विरुद्ध’बद्दल पूर्ण सहमत. ‘द विचर 3’ (2015) मध्ये वेलेनच्या दलदलीत हिंडताना एक टेकडी लागते, तिच्या पोटात झाडाच्या मुळांशी एक आत्मा कोंडलेला. तिथे तुम्ही नुसते फिरत फिरतही पोचू शकता, कोणी पाठवायची गरज नाही. आत्म्याला सोडायचं की मारायचं, तुम्ही ठरवता. पुढे कळतं की दलदलीतल्या अनाथ मुलांचा जीव त्यावर अवलंबून होता, आणि ब्लडी बॅरन नावाच्या दारुड्या, बायकोला मारहाण करणाऱ्या, तरी पश्चात्तापाने पोळलेल्या माणसाचं घरही. कोणी पाठवल्यावर जाऊन सोडलंत तर मुलं वाचतात, पण बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो. मारलंत तर ती जगते, पण वेडी होऊन, आणि मुलं हाती लागत नाहीत. यातला मुलूख कुठे संपला आणि माणूस कुठे सुरू झाला, ते मला दाखवता येणार नाही. सगळेच गेम इथवर पोचत नाहीत, हेही खरं. नकाशा मोठा करणं त्या मानाने सोपं. त्यावरच्या माणसाला आठवण देणं अवघड.

भुसावळ : मग ‘ड्रिव्हन’चं काय ठरलं? ‘पात्रप्रधान’ की ‘सोबत्यांचा गेम’?

शहादा : दोन्ही. समीक्षेच्या वाक्यात ‘पात्रप्रधान’, बोलण्याच्या ओघात ‘सोबत्यांचा गेम’. ‘बाल्डर्स गेट 3’ (2023) बद्दल लिहिताना दुसराच बरा. तिथे शॅडोहार्ट किंवा कार्लाक या सोबतिणींना ‘पात्र’ म्हटलं की ती कागदावरची वाटतात, आणि रात्री तळावर त्यांच्याशी बोलून आलेल्या माणसाला ते पटत नाही.

धुळे : सगळ्यांचे आभार. पहिलं वाक्य आता असं केलंय : ‘काही गेममध्ये आपण मुलूख पालथा घालतो, काही गेममध्ये सोबती आपल्याला पालथं घालतात.’ भावाला वाचून दाखवलं, त्याने लगेच स्कायरिम आणि अ‍ॅलिस्टर ही दोन नावं घेतली. एकच शंका : अनेकवचनात ‘मुलुख’ लिहू की ‘मुलूख’?

शहादा : अनेकवचनही ‘मुलूख’च, लू दीर्घ. प्रत्यय लागला की तो ऊ जातो : मुलखात, मुलखाचा, मुलखांमध्ये. मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो ‘मुलूखात’ करून ठेवेल.