अमेरिकेतली यादवी: दक्षिणेला जिंकायचा चान्स होता का?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. आम्ही चार-पाच जण एक रविवार सोडून खारघरला मित्राकडे बोर्ड गेम खेळतो, नकाशावर सोंगट्या मांडून लढाया करायच्या तसला. सध्या अमेरिकेतली यादवी चालू आहे, १८६१ ते ६५, गुलाम ठेवणारी दक्षिणेतली राज्यं फुटून वेगळा देश म्हणाली आणि उत्तरेशी लढली ती. मी तिन्ही वेळा दक्षिण घेतली आणि तिन्ही वेळा आपटलो. सुरुवात मस्त होते, ली आणि जॅक्सनसारखे सेनापती असतात, समोरचा उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन जागचा हलत नाही (गेममध्ये पण त्याला तसंच बनवलंय), आणि मग ६३ च्या आसपास माझी माणसं संपतात, पैसे संपतात, मिसिसिपी नदी हातातून जाते. मित्र म्हणतो उत्तरेकडे सगळंच जास्त होतं, निकाल आधीच लागलेला. मग चार वर्षं लढाई चालली कशी? दक्षिणेने नक्की कुठे माती खाल्ली?

निवृत्त_गार्ड_ठाणे
आकड्यांत तुमचा मित्र बरोबर आहे. उत्तरेत साधारण २ कोटी २० लाख लोक, दक्षिणेत ९० लाख, त्यातले ३५ लाख गुलाम, म्हणजे त्यांच्या हातात बंदूक द्यायला मालकच घाबरणार. रेल्वे उत्तरेत जवळपास २२ हजार मैल, दक्षिणेत ९ हजार.

पण मी आयुष्य रेल्वेत काढलं म्हणून मला मैलांपेक्षा दुसरंच दिसतं. दक्षिणेत लाइनी छोट्या छोट्या कंपन्यांच्या, गेज (दोन रुळांमधलं अंतर) वेगवेगळे, काही शहरांत तर एका कंपनीचं स्टेशन गावाच्या या टोकाला आणि दुसरीचं त्या टोकाला, मधे रूळच नाहीत. माल उतरवा, घोडागाडीत घाला, परत चढवा. ठाण्याला ट्रान्स-हार्बरवरून उतरून मेन लाइन पकडताना संध्याकाळी पब्लिकचं जे होतं ते डोळ्यांपुढे आणा आणि पब्लिकच्या जागी पिठाची पोती ठेवा. लढाई लागल्यावर लोखंड सगळं तोफांना आणि चिलखती जहाजांना, मग आडबाजूच्या लाइनचे रूळ उपटून मेन लाइनला लावायचे. एप्रिल १८६३ मध्ये राजधानीत, रिचमंडला, बायकांनी भाकरीसाठी दुकानं फोडली.

उत्तरेचा सेनापती शर्मन, त्याला हे बरोबर कळलं होतं. दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातून जाताना त्याची माणसं रुळांखालच्या लाकडी स्लीपरची होळी पेटवून त्यावर रूळ लाल करायची आणि झाडाच्या बुंध्याला गुंडाळायची. नुसता उपटलेला रूळ गँगमन परत टाकतो हो, पीळ पडलेला रूळ सरळ करायला कारखाना लागतो.

कळव्याचा_मावळा
काका मस्त माहिती. पण मला हे कळत नाही की लीने गनिमी कावा का नाही केला? औरंगजेब १६८१ ला दख्खनकडे निघाला आणि १७०७ ला इथेच मेला, केवढं सैन्य, केवढा खजिना, काय झालं? राजाराम महाराज जिंजीला, इकडे संताजी-धनाजी रसद तोडतायत. दक्षिणेला जिंकायची गरजच नव्हती ना राव, फक्त हरायचं नव्हतं, समोरचा कंटाळून घरी गेला की झालं. त्याऐवजी हा गडी उत्तरेत गेटिसबर्गला जाऊन साडेबारा हजार माणसं उघड्या रानातून तोफांवर सोडतो, निम्मी कामातून गेली.

घणसोलीची_वाचक
दादा, गनिमी कावा अगदीच नव्हता असं नाही, व्हर्जिनियात मॉस्बी होता, दक्षिणेचा छापे मारणारा. पण सगळी लढाई तशी करणं दक्षिणेला परवडणारंच नव्हतं, आणि हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गनिमी काव्यात मुलूख सोडावा लागतो. आपली माणसं गाव सोडून डोंगरात जायची, मुघल पुढे सरकले की परत यायची, जमीन कुठे पळून जात नव्हती. इथे मळेवाल्याची संपत्ती म्हणजे माणसं होती आणि मालकाची पाठ वळली की ती चालायला लागणार.

लागलीच. मे १८६१, युद्ध सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला, दक्षिणेसाठी तोफांचा मोर्चा बांधायला लावलेले तीन गुलाम रात्री होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रोला पोचले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पळालेले गुलाम परत द्यायचा कायदा सांगत त्यांना मागायला आला. तिथला जनरल बटलर पेशाने वकील, तो म्हणाला, तुम्हीच सांगता ना की तुमचा देश वेगळा, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? हा युद्धात जप्त केलेला माल! भाषा मालाचीच, पण माणसं सुटली, आणि मग रीघ लागली. १ जानेवारी १८६३ ला लिंकनने दक्षिणेतल्या गुलामांना मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला, त्यानंतर तर साधारण १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या फौजेत होते, त्यातले बरेचसे कालपर्यंत गुलाम. एक माणूस तिकडून वजा, तोच इकडे अधिक. त्यामुळे लीला सीमेवरच अडवणं भाग होतं, आणि अडवायचं तर माणसं मरणार.

१८६४ ला दक्षिणेच्याच जॉन्स्टनने जॉर्जियात मागे सरत सरत शर्मनला झुलवलं, तर दक्षिणेचा प्रेसिडेंट डेव्हिस, त्याने जुलैत जॉन्स्टनलाच काढला. त्याच्या जागी हूड आला, धडाधड हल्ले केले, २ सप्टेंबरला जॉर्जियातलं अटलांटा शहर गेलं.

वाशी_मार्केट_गाळा
मी इतिहासातला नाही, कांदा-बटाट्यात आहे, पण या लोकांनी कापसाचं जे केलं ते वाचून डोक्याला हात लावला होता. ६१ ला यांनी माल दाबून धरला, का तर इंग्लंडच्या गिरण्या बंद पडल्या की इंग्लंड झक मारत आपल्या बाजूने येईल. अरे समोरच्याचं गोडाऊन भरलेलं असताना माल दाबतं का कोणी? आधीची पिकं बंपर, लिव्हरपूलला गाठी पडून होत्या. उत्तरेची नाकेबंदी तेव्हा बरीचशी कागदावर, तेव्हाच सगळा माल काढून बंदुका घ्यायच्या. हे विकायला निघाले तोपर्यंत न्यू ऑर्लीन्सचं बंदर पण गेलेलं, एप्रिल ६२.

आणि एकाकडची आवक थांबली की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, ते काय वाट बघत बसतं? इंग्लंडने इजिप्तचा घेतला, आपला घेतला. मुंबईत पैशाचा पाऊस, सट्टेवाला प्रेमचंद रायचंद, बॅकबेला समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचे शेअर, सगळे येडे झालेले. १८६५ ला तिकडे लढाई संपली आणि इकडे भाव आपटले, मोठमोठ्या पेढ्या बसल्या. राजाबाई टॉवर त्याच प्रेमचंदच्या पैशातला, आईच्या नावाचा.

घोडबंदरकर
दादा, मी पण कापूस दाबूनच बसतो प्रत्येक वेळी 😅 शेवटचं एक, अटलांटा टिकलं असतं तर? गेममध्ये ६४ च्या निवडणुकीचं कार्ड आहे, मला त्याचा उपयोगच कळला नाही.

घणसोलीची_वाचक
तोच तुमचा चान्स. लिंकन निवडणूक हरला तर उत्तर कंटाळून लढाई सोडेल, ही आशा. २३ ऑगस्ट १८६४ ला लिंकनने एक कागद घडी घालून मंत्र्यांपुढे ठेवला आणि न वाचता सह्या करायला लावल्या. आत लिहिलं होतं की हे सरकार बहुतेक पुन्हा निवडून येणार नाही. दहा दिवसांनी अटलांटा पडलं. विरोधात उभा कोण होता माहितीये? तुमचा तो न हलणारा मॅक्लेलन.