मराठी ब्रेल: छापील मराठी येणाऱ्या प्रौढांना कोणत्या क्रमाने शिकवावं?

मेघना_क
साठीतल्या एका गृहस्थांना मराठी ब्रेल शिकवायचं आहे. मधुमेहाने दृष्टी गेली, त्याआधी वाचन-लेखन उत्तम होतं. ब्रेलची लाकडी पाटी, स्टायलस (ठिपके पाडायची टोचणी) आणि वर्णमालेचा उठावदार तक्ता आहे. अ-आ-इ-ई पासून सुरुवात केली. पण इ आणि ए, क आणि ख, ब आणि भ यांत सतत गल्लत होते. पाटीवर उजवीकडून लिहायचं म्हटलं की येणारी अक्षरंही विसरतात. शिवाय जोडाक्षरं कशी लिहितात ते मलाच नीट कळलेलं नाही. आधी लेखन घ्यावं की वाचन?

बोटवाचक
गल्लत तुमच्या क्रमामुळे होते आहे. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांची ब्रेल लिपी, मराठी त्यातच लिहितात) एका अक्षराला सहा ठिपक्यांचं एक घर: डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. त्यात बऱ्याच जोड्या एकमेकींची आरशातली प्रतिमा आहेत. क म्हणजे १-३, ख म्हणजे ४-६. ब १-२, भ ४-५. ल १-२-३, ळ ४-५-६. इ २-४, ए १-५. ओ-औ, प-थ, म-श, र-ठ, व-ण, ह-ज यांचंही तेच. वर्णमालेच्या क्रमाने गेलात तर क पक्का व्हायच्या आत ख समोर येतो. डोळ्याला हा फरक लगेच दिसतो. नवशिक्या बोटाला मात्र 'एका बाजूला दोन ठिपके' एवढंच कळतं.

पहिला गट असा घ्या: अ (१), ल (१-२-३), ग (१-२-४-५), क (१-३), म (१-३-४), र (१-२-३-५), आ (३-४-५). यातली कोणतीही दोन अक्षरं एकमेकांची उलट नाहीत, आणि कलम, गरम, मगर, माल, काका असे शब्द लगेच तयार होतात. सुटी अक्षरं फार दिवस घोटू नका, शब्दांवर या. ख, भ, ळ, श बरेच नंतर. तेव्हा मात्र मुद्दाम जोडीनेच द्या: कल-कळ, बाग-भाग.

आधी वाचन. त्यातही अक्षरांपूर्वी दोन-तीन दिवस नुसत्या ओळी: सहाही ठिपक्यांची घरं ओळीने पाडा, मध्ये एखादं घर रिकामं ठेवा आणि रिकामी जागा कुठे आली ते सांगायला लावा. (सहा ठिपके म्हणजे मराठीत ढ, तेव्हा ओळ वाचली तर ढढढ होते. हसू द्या.) बोट डावीकडून उजवीकडे सरळ सरकलं पाहिजे. अक्षर कळलं नाही की माणूस तिथेच बोट वर-खाली घासतो. ही सवय लागली तर वेग कधीच येत नाही. दाबायचंही नाही. दाबलं की बोटाच्या टोकाची जाणीव बोथट होते आणि कागदावरचे ठिपकेही बसतात.

पाटी_कलम
उलट लिहिण्याबद्दल: पाटीवर ठिपके कागदाच्या मागून पाडतो आणि कागद उलटून वाचतो, म्हणून उजवीकडून लिहायचं. पण 'डावं', 'उजवं' आणि 'आरसा' हे तिन्ही शब्द शिकवताना बंद करा. १-२-३ ही आधी येणारी बाजू, ४-५-६ नंतरची. वाचताना आपण डावीकडून येतो, लिहिताना उजवीकडून. क दोन्हीकडे १-३ च. आकार उलटा करून आठवायला लावलं की गोंधळ होणारच.

स्टायलस उभा धरायचा, मूठ तळहातात, तर्जनी वरून. ठिपका पडला की हलकासा टप आवाज येतो, तिथे थांबायचं. तिरका धरला तर कागद फाटतो आणि वाचताना टोचतं. कागद जाड, १२० ते १४० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) घ्या. झेरॉक्सच्या कागदावरचे ठिपके दोन-तीनदा वाचले की सपाट होतात. सरावाला जुन्या कॅलेंडरची जाड पानं चालतात. चुकलेला ठिपका कागद उलटून नखाने दाबायचा.

रफार
जोडाक्षरं छापील मराठीपेक्षा सोपी आहेत. अर्धं अक्षर नाहीच. ज्याचा स्वर काढायचा त्या व्यंजनाच्या *आधी* ४ क्रमांकाचा ठिपका. भक्त: ४-५, मग ४, मग १-३, मग २-३-४-५. स्त्री मध्ये तो दोनदा येतो, स च्या आधी आणि त च्या आधी. क्ष (१-२-३-४-५) आणि ज्ञ (१-५-६) यांना मात्र स्वतंत्र घर आहे.

छापील येणाऱ्यांची अडचण वेगळीच. पहिली वेलांटी ते व्यंजनाच्या आधी लिहू पाहतात आणि रफार पुढच्या अक्षरावर ठेवू पाहतात. ब्रेल उच्चाराच्या क्रमाने चालतं: कि म्हणजे क, मग इ. धर्म म्हणजे ध, ४, र, म. मात्रेला वेगळी खूण नाही, स्वराचंच घर वापरायचं. म्हणूनच 'मऊ' लिहिताना म आणि ऊ यांच्यामध्ये अ घालावा लागतो, नाहीतर ते 'मू' वाचलं जातं.

मेघना_क
धन्यवाद. क्रम बदलते. त्यांना बोटाच्या टोकाला थोडी बधिरता आहे. जमेल का?

बोटवाचक
थोडी असेल तर बहुधा जमतं, वेळ जास्त लागतो. दोन्ही हातांची सगळी बोटं तपासा. तर्जनीपेक्षा मधलं बोट बरं निघालं तर त्याने वाचू द्या. मोठ्या ठिपक्यांचं जंबो ब्रेल मिळतं, सुरुवात त्यावर करा. हात गार असताना किंवा भांडी-आंघोळीने बोटं सुरकुतलेली असताना सराव नको. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. आणि साखर तपासायला सुई वाचनाच्या बोटाला टोचू नका, अनामिकेच्या कडेला टोचा.

पाटी_कलम
बधिरता जास्त असेल तर पुस्तकं मोबाइलवर ऐकू द्या आणि ब्रेल घरातल्या खुणांपुरतं ठेवा. चिकट पारदर्शक प्लास्टिकवर पाटीनेच ठिपके पडतात. औषधाच्या डबीवर 'स' आणि 'र', सकाळ-रात्र, एवढं वाचता आलं तरी रोजचं काम भागतं.